कोळशात अडकलेलं औषध जातं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत बायोचारवर, म्हणजे लाकूड-काडीकचरा हवेशिवाय तापवून केलेल्या कोळशावर, लेख आला होता, पाण्यातली कीटकनाशकं घरच्या घरी कोळशाने कशी काढायची म्हणून. सोबत फोटो होता, बाटलीत वरून निळं पाणी ओततायत आणि खालून स्वच्छ नितळ पाणी पडतंय. लेख मनापासून आवडला, या विषयावर आपल्या भाषेत फार कमी लिहिलं जातं आणि बायोचार खरंच कामाची गोष्ट आहे. पण तो फोटो पाहिल्यापासून मला चैन पडेना. मी बरीच वर्षं पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काढलीत आणि पाण्याचा रंग गेला म्हणजे औषध (फवारणीचं कीटकनाशक-तणनाशक) गेलं असं धरून ते पाणी लहान मुलांना पाजणारी माणसं मी समोर बघितलीत, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. थोडं लांबणार आहे, जागा नसेल तर खुशाल कापा, पण वापरून झालेल्या कोळशाबद्दल जे लिहिलंय ते तेवढं ठेवा.

आधी त्या निळ्या पाण्याचं बोलू. अशा प्रयोगात बहुतेक वेळा मेथिलीन ब्लूसारखा रंग वापरतात. त्याचा रेणू धन भाराचा असतो आणि साध्या पाण्यात कोळशाचा पृष्ठभाग बहुतेक ऋण भाराचा, त्यामुळे कसलाही कोळसा घ्या, चुलीतला घ्या, तो रंग पटकन धरतो. फवारणीच्या औषधांचं तसं नाही, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पॅराक्वाट हे तणनाशक धन भाराचं आहे, ते मातीला पण घट्ट चिकटतं आणि कोळशाला पण. २,४-डी नेमकं उलटं, नेहमीच्या पाण्यात त्याच्यावर ऋण भार असतो, मग कोळसा त्याला जवळ करण्याऐवजी थोडं लांबच ढकलतो आणि ते धरायला फार चांगल्या दर्जाचा कोळसा लागतो. ग्लायफोसेट तर पाण्यात इतकं विरघळतं की साधा कोळसा त्याला जवळजवळ हातच लावत नाही. क्लोरपायरीफॉस पाण्यात फार कमी विरघळतं, लिटरला एखादा मिलिग्रॅम, त्याला पाणी नकोच असतं म्हणून ते कोळशाकडे धावतं. अ‍ॅट्राझिन मधलं, बऱ्यापैकी धरलं जातं, पण ते मातीत तुटून त्याचे जे तुकडे होतात ते जास्त विरघळणारे असतात आणि कोळशातून आधी निसटतात. तेव्हा कुणी जर म्हणालं की आमचा बायोचार 'कीटकनाशकं काढतो', तर पहिला प्रश्न कुठलं कीटकनाशक हाच पाहिजे, त्याच्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही.

दुसरं, ही औषधं डोळ्याला दिसत नाहीत, चवीला लागत नाहीत आणि बहुतेक वेळा वासही येत नाही, कारण प्रमाण फार म्हणजे फार बारीक असतं. युरोपात १९८० पासून पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीटकनाशकाला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम आणि सगळी मिळून ०.५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे. हे ०.१ म्हणजे किती तर एक ग्रॅम औषध एक कोटी लिटर पाण्यात! अमेरिकेत अ‍ॅट्राझिनला ३ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने अ‍ॅट्राझिन आणि त्याचे जवळचे तुकडे धरून १०० मायक्रोग्रॅम सांगितलेत. आता ०.१ आणि १०० एवढा फरक बघून लोक गोंधळतात, कोण खरं म्हणून. दोघांचा विचारच वेगळा आहे. युरोपचं म्हणणं पिण्याच्या पाण्यात हे असायलाच नको, म्हणून जवळपास शून्य धरून आकडा लावला, आणि आरोग्य संघटनेने आयुष्यभर रोज प्यायलं तर किती चालेल याचा हिशोब केला. पण कुठलाही आकडा घ्या, तो डोळ्याने किंवा जिभेने कळण्यातला नाही. आणि टीडीएस मीटरने तर अजिबात नाही, हे मी मुद्दाम लिहितोय कारण आमच्याकडे किती तरी लोक टीडीएस मीटर घेऊन यायचे आणि सांगायचे की फिल्टरमधून आलेल्या पाण्याचा टीडीएस कमी दाखवतो म्हणजे औषध गेलं. ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं, म्हणजे क्षार मोजतं, तेही मिलिग्रॅममध्ये. औषध त्याच्या हजारपट खाली मायक्रोग्रॅममध्ये आणि बहुतेक औषधं वीज वाहून नेण्यातली नाहीतच. उलट नवीन कोळशातली राख विरघळली तर सुरुवातीला टीडीएस वाढलेला दिसेल आणि माणूस चांगला फिल्टर फेकून देईल. औषध खरं मोजायचं तर सहसा गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफीला मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेलं, म्हणजे पाण्यातले पदार्थ वेगळे करून ओळखणारं यंत्र लागतं.

आता कोळसा नेमकं करतो काय. इथेच सगळी मेख आहे. कोळसा औषधाचं विघटन करत नाही, त्याला मारत नाही, फक्त आपल्या अंगावर धरून ठेवतो. लाकूड किंवा पिकाचा काडीकचरा हवेशिवाय तापवला की त्यातलं पाणी, वायू, डांबर निघून जातं आणि मागे कार्बनचा सांगाडा राहतो, त्यात इतकी बारीक भोकं असतात की चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये काहीशे चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे टेनिसचं एक अख्खं कोर्ट एका चिमटीत. त्या भोकांच्या भिंतींना औषधाचा रेणू चिकटतो. चिकटतो म्हणजे आत आहे तसाच बसून आहे, जिवंत बाँबसारखा म्हणा हवं तर. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं ना की बाकीचे प्रश्न आपोआप सुचतात, किती घट्ट धरलंय, किती मावेल, भरलं की काय होईल आणि शेवटी ते जाणार कुठे.

घट्ट धरणं आणि किती मावणं हे कोळसा कसा बनवलाय त्यावर ठरतं आणि त्यात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तापमान. ३००-४०० अंशाला केलेला कोळसा दिसायला काळाकुट्ट असतो पण आतली भोकं डांबराने बुजलेली, ग्रॅममागे काही मोजकेच चौरस मीटर. ७०० च्या वर नेला की भोकं मोकळी होतात. २०१४ मध्ये जोश किर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉटर रिसर्च या नियतकालिकात नेमकं २,४-डी घेऊन वेगवेगळ्या पद्धतीने केलेले कोळसे तपासले होते. त्यात साध्या भट्टीतला कोळसा मागे पडला आणि ड्रमच्या गॅसिफायरमध्ये, म्हणजे वरून पेटवून खालून थोडी हवा देणाऱ्या शेगडीत, ८५०-९०० अंशाला केलेला कोळसा विकतच्या, खास प्रक्रियेने भोकं वाढवलेल्या अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनच्या जवळ जाऊन बसला. ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण तो ड्रम कुणालाही बनवता येतो, त्यात निघणारा धूर तिथेच जळून जातो म्हणून कोळशावर डांबर परत बसत नाही आणि आसपासच्या माणसांच्या नाकातोंडात पण कमी जातो. म्हणून मी बायोचारच्या विरोधात नाही, उलट जिथे मोठा प्रकल्प येणं शक्य नाही तिथे याच्याइतकं हाताशी असलेलं दुसरं साधन नाही असं माझं मत आहे. पण 'बायोचार' हा एकच शब्द वापरून ३५० अंशाचा आणि ९०० अंशाचा कोळसा एका पोत्यात घालू नका.

शेतीसाठी विकला जाणारा बायोचार पण यात येतो. तो मातीसाठी केलेला असतो, बऱ्याचदा कमी तापमानाला, कधी शेणखतात मुरवलेला, त्यात पोषक द्रव्यं असतात आणि मातीला ती हवीच असतात पण प्यायच्या पाण्यात नको. पोत्यावर बायोचार लिहिलंय म्हणून फिल्टरमध्ये भरू नये.

कच्चा माल कुठला हे तर आणखी महत्त्वाचं आणि तुमच्या लेखात त्यावर एक ओळ सुद्धा नव्हती. स्वच्छ, कोरडं, न रंगवलेलं लाकूड किंवा कवच-टरफलं चालतात. जुन्या खिडक्या-दारांचं, रंग दिलेलं, वाळवी लागू नये म्हणून रसायन पाजलेलं लाकूड अजिबात नको. अशा काही लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असतं, ते जळून नष्ट होत नाही, कोळशात आणि राखेत साठतं आणि मग पाण्यात उतरतं, म्हणजे औषध काढायला गेलो आणि आर्सेनिक घालून बसलो. प्लॅस्टिक मिसळलेला कचरा नको, त्यात पीव्हीसी असलं तर क्लोरीन येतं आणि क्लोरीन असताना जळलं की डायऑक्सिन हे जहाल विष तयार व्हायची भीती. खाऱ्या पाण्यात भिजलेलं लाकूड नको, कारण तेच, मिठातलं क्लोरीन. शिवाय अर्धवट जळण्यात पॉलीसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची जी संयुगं होतात, त्यातली काही कॅन्सरला कारण ठरतात, ती धुरातून परत कोळशावर बसू शकतात. युरोपियन बायोचार सर्टिफिकेट आणि इंटरनॅशनल बायोचार इनिशिएटिव्ह या बायोचारची मानकं ठरवणाऱ्या दोघांनी या संयुगांना आणि जड धातूंना मर्यादा घातल्यात, हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बन यांच्या अणूंचं प्रमाण ०.७ च्या खाली पाहिजे अशीही अट आहे, ते प्रमाण कमी म्हणजे कोळसा नीट भाजला गेलाय. ही मापं मुळात मातीसाठी आहेत, पाण्यासाठी नाहीत, पण निदान तेवढ्यात तरी तो कोळसा बसला पाहिजे.

बनवताना पण सांभाळायचं असतं. बंद जागेत कधीच करू नका, कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही रंग नाही आणि माणूस झोपेतच जातो. झालेला कोळसा भरपूर पाणी मारून विझवा आणि मग एक दिवस तरी उघड्यावर नजरेखाली ठेवा, ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन ओढून आपोआप तापतो आणि पोत्यात भरून खोलीत ठेवला तर रात्री पेटू शकतो. फोडायचा तर ओला करून फोडा. कोरडा कुटला की जी बारीक पूड उडते ती थेट फुप्फुसात जाते. जाड वाळूएवढा, साधारण अर्धा ते दोन मिलिमीटरचा दाणा ठेवा आणि तो पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, पूड आणि राख दोन्ही जायला पाहिजे, राखेने पाणी कडक अल्कधर्मी होतं.

आता टक्क्यांबद्दल. लेखात '९५ टक्के कीटकनाशक निघालं' असं होतं. मला खात्री आहे लेखकाने कुठल्यातरी शोधनिबंधातून प्रामाणिकपणे घेतलं असणार, पण हे टक्के फसवे असतात आणि कसे ते समजून घ्या. प्रयोगशाळेत बऱ्याचदा शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घेतात, त्यात औषध घालतात तेही मिलिग्रॅममध्ये कारण मोजायला सोपं जातं, मग त्यात मूठभर कोळसा घालून दिवसभर हलवत ठेवतात. कोळसा दुप्पट घातला की टक्के वाढतात, तिप्पट घातला की आणखी, शेवटी ९९ पण करता येतात. पण विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाण्यात काय असतं, तर कुजलेल्या पानांचा, मातीचा विरघळलेला सेंद्रिय भाग, तो औषधापेक्षा हजारो पट जास्त असतो आणि तोही त्याच भोकात शिरतो. मोठे रेणू तोंडाशीच अडकून भोकं बंद करतात आणि आतली जागा रिकामीच राहते. तेव्हा शुद्ध पाण्यात जो कोळसा वर्षभर चालेल असं गणित येतं तोच खऱ्या पाण्यात काही आठवड्यांत संपू शकतो. पाणी जितकं गढूळ आणि पिवळसर तितका कोळसा लवकर भरणार. म्हणून कोळशाच्या आधी वाळूचा फिल्टर पाहिजे, तोही हळू चालणारा, म्हणजे गाळ आणि थोडा सेंद्रिय भाग तिथेच अडतो. तुरटीने गाळ बसवून घेतला तरी खूप फरक पडतो. कोळशाला शेवटचं बारीक काम ठेवायचं, झाडलोट त्याच्याकडून करून घ्यायची नाही.

आणि वेळ. पाणी कोळशातून किती वेळ जातंय याला पाणी शुद्धीकरण केंद्रात साधारण १० ते २० मिनिटं धरतात. हिशोब अगदी सोपा आहे, कोळशाचा थर किती लिटरचा आहे त्याला मिनिटाला किती लिटर पाणी सोडता त्याने भागा. २० लिटर कोळसा आणि मिनिटाला १ लिटर पाणी म्हणजे २० मिनिटं. फोटोतल्या बाटलीत अर्धा लिटर पण कोळसा नसेल आणि पाणी धो धो पडतंय, मिनिटाला लिटरभर धरलं तरी अर्धं मिनिट. अर्ध्या मिनिटात रंग पृष्ठभागावर बसेल पण औषधाला आतल्या भोकांपर्यंत पोचायला सवडच मिळत नाही. घरगुती फिल्टर करायचाच असेल तर बाटली सोडून ड्रमचा विचार करा आणि नळ बारीक सोडा.

क्रमाबद्दल एक गोष्ट जी फार थोड्या लोकांना माहीत असते. कोळशाने जंतू मरत नाहीत. उलट त्या भोकांमध्ये बॅक्टेरिया छान वसाहत करतात, त्यामुळे कोळशातून आलेलं पाणी नंतर उकळायचं किंवा क्लोरीन घालायचं. पण क्लोरीन आधी घालू नका. एक तर कोळसा क्लोरीन खाऊन टाकतो त्यामुळे क्लोरीन वाया आणि पुढे जंतूंना मोकळं रान. दुसरं कारण जास्त गंभीर आहे, क्लोरपायरीफॉससारख्या औषधाला क्लोरीन लागलं की त्याचं ऑक्सॉन नावाचं वेगळं रूप होतं आणि ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतं. म्हणजे जंतू मारायला घातलेल्या क्लोरीनने विष वाढवलं. तेव्हा आधी वाळू, मग कोळसा आणि शेवटी क्लोरीन. उकळण्याबद्दल पण एक गैरसमज आहे, लोक म्हणतात आम्ही पाणी उकळून पितो आम्हाला काय होतंय. जंतूंसाठी उकळणं उत्तम पण बहुतेक कीटकनाशकं वाफेबरोबर उडत नाहीत, पाणी आटतं आणि औषध तेवढंच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतंच.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. कोळसा भरला की काय होतं? बाहेरून काहीच नाही. पाणी पूर्वीसारखंच नितळ, पूर्वीसारखंच चवीला गोड. गाळ अडकून फिल्टर तुंबला तर निदान कळतं, कोळसा संपला तर कळतच नाही. आणि नुसतं एवढंच नाही की औषध अडायचं थांबतं. फवारणीच्या दिवसांत पाण्यात औषध जास्त होतं तेव्हा कोळशाने ते धरलं, पुढे पाणी स्वच्छ आलं की तोल उलटा होतो आणि धरलेलं औषध हळूहळू परत पाण्यात सुटायला लागतं. किंवा जास्त घट्ट चिकटणारं दुसरं काही आलं तर ते आधीच्या सैल बसलेल्याला ढकलून बाहेर काढतं. मग खालून येणाऱ्या पाण्यात वरच्या पाण्यापेक्षा जास्त औषध! मी हे पुस्तकात वाचलं होतं आणि एकदा प्रत्यक्ष पाहिलं. एक कुटुंब दोन नमुने घेऊन आलं होतं, एक विहिरीचा आणि एक फिल्टरनंतरचा, कोळसा बसवल्यापासून कित्येक वर्षं बदललाच नव्हता कारण पाणी चांगलं येत होतं. रिपोर्टमध्ये फिल्टरनंतरच्या नमुन्यात अ‍ॅट्राझिन जास्त निघालं. आम्हाला वाटलं लेबलं अदलाबदल झाली, परत नमुने मागवले, परत तेच. त्या घरातल्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो, त्या म्हणाल्या आम्ही तर मुलांना मुद्दाम फिल्टरचंच देत होतो. विहिरीचं पाणी प्यायले असते तर निदान काळजी घेतली असती, दुसरीकडून आणलं असतं. फिल्टर आहे म्हटल्यावर काळजी संपली होती.

म्हणून दोन गोष्टी. कोळसा दिसण्यावरून नाही तर ठरवलेल्या मुदतीने बदलायचा आणि ती मुदत कमीच धरायची, किती लिटर पाणी गेलं त्याची नोंद भिंतीवर लिहून ठेवायची. आणि जमलं तर कोळशाची दोन भांडी एकापुढे एक लावायची, पहिलं संपलं तरी दुसरं सांभाळतं, बदलताना दुसरं पहिल्या जागी आणि नवीन मागे. तपासणी परवडत नसेल तर गावाने मिळून एक नमुना करावा, पहिल्या भांड्यानंतरचा. तिथे औषध दिसायला लागलं की सगळ्यांना मुदत कळली, कारण पाणी तेच आणि कोळसा तोच.

आणि तो काढलेला कोळसा? तुमच्या लेखात शेवटी होतं की वापरलेला कोळसा बागेत टाका, मातीला चांगला. संपादक साहेब, ही ओळ कृपा करून दुरुस्त करा. त्या कोळशात महिनोन्महिन्यांचं औषध गोळा झालेलं आहे. मातीत टाकला तर ते हळूहळू सुटणार, पाऊस पडला की परत त्याच पाण्यात जाणार ज्यातून आपण ते काढलं. कोळशात बसलेल्या औषधापर्यंत मातीतले जीवाणू पण पोचत नाहीत त्यामुळे ते मोडून जायला आणखी वेळ लागतो. चुलीत किंवा शेकोटीत जाळू नका, कमी आचेवर काही औषधं न जळता वाफ होऊन वर येतात आणि काहींपासून नवीन विषारी वायू होतात, आणि त्याच चुलीपाशी माणूस बसलेला असतो. खरं तर हे ८५० अंशाच्या वर, धूर दोन सेकंद तरी त्या आचेत राहील अशा भट्टीत जाळायला हवं, किंवा मोठ्या प्रकल्पात अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन जसा परत ८००-९०० अंशाला तापवून ताजा करतात तसं. एकट्या घराला हे शक्य नाही हे मला कळतं. पण ओला असतानाच झाकणाच्या डब्यात भरून, लेबल लावून, पाऊस लागणार नाही अशा जागी साठवणं प्रत्येकाला शक्य आहे, आणि घातक कचरा उचलणाऱ्या यंत्रणेकडे एकेक डबा देण्यापेक्षा अनेक घरांनी मिळून दिला तर ते घेतात तरी. फिल्टर वाटणाऱ्या संस्थांनी फिल्टर देतानाच जुना कोळसा परत घ्यायचं बंधन स्वतःवर घालून घ्यावं. ज्याला परत न्यायची सोय नाही त्याने वाटू नये, असं मी स्पष्ट म्हणेन.

मुळाशी पण थोडं बघा. पाण्यात जे औषध जातं त्यातलं पुष्कळ शेतातून झिरपून जातंच, पण पंप भरताना सांडलेलं आणि पंप धुतलेलं पाणी थेट विहिरीशी किंवा ओढ्यात ओतलेलं हे पण फार मोठं कारण आहे. पाच मिलिलिटर, म्हणजे एक चमचा पन्नास टक्क्यांचं औषध सांडलं तर त्यात अडीच ग्रॅम विष आलं, वरच्या हिशोबाने अडीच कोटी लिटर पाणी युरोपच्या मर्यादेला नेऊन ठेवायला पुरेसं. एक चमचा! स्वीडनमध्ये १९९३ पासून यासाठी बायोबेड वापरतात, खड्ड्यात गवताचा पेंढा, पीट (दलदलीतली अर्धवट कुजलेली झाडपाल्याची माती) आणि साधी माती २:१:१ असं भरायचं, वर गवत, आणि पंप त्याच्यावरच उभा करून भरायचा नि धुवायचा. सांडलेलं औषध त्यात अडकतं आणि पेंढ्यावरच्या बुरशा ते खरोखर मोडून टाकतात. बघा, कोळसा धरतो आणि बायोबेड मोडतो, म्हणून जिथे औषध दाट आहे तिथे बायोबेड आणि जिथे पाण्यात मायक्रोग्रॅममध्ये पसरलंय तिथे कोळसा, अशी कामाची वाटणी मला पटते. औषधाचा रिकामा डबा तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतायचं, हे तर फुकट आहे.

आणि पाण्यात एकदा गेलेलं औषध किती राहतं ते पण सांगतो. जर्मनीने अ‍ॅट्राझिनवर १९९१ मध्ये बंदी घातली, त्यानंतर अनेक वर्षं, दशकं म्हणा, तिथल्या भूजलात ते आणि त्याचे तुकडे सापडत राहिले. जमिनीखाली ना ऊन ना फारसे जीवाणू, कोण मोडणार त्याला. तेव्हा आज फवारणी थांबवली तरी उद्या विहीर स्वच्छ होत नाही आणि कोळशाची गरज पुढची कित्येक वर्षं लागणार आहे, म्हणूनच तो नीट वापरला गेला पाहिजे असा माझा एवढा आग्रह.

तर संपादक साहेब, विनंती अशी. पुढच्या अंकात त्या फोटोखाली एक दुरुस्ती द्या, की रंग जाणं म्हणजे औषध जाणं नाही, आणि बागेत टाका ही ओळ मागे घ्या. आणि यापुढे कुणी बायोचार फिल्टरची बातमी पाठवली तर त्यांना छापायच्या आधी विचारा, कोळसा किती अंशाला आणि कशापासून केला, पाणी त्यातून किती मिनिटं जातं, कुठलं औषध कुठल्या पाण्यात कुठल्या यंत्रावर मोजलं, किती लिटरनंतर बदलता आणि बदललेला कोळसा आत्ता नेमका कुठे ठेवलाय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना जो अडखळेल त्याची बातमी तेवढी थांबवून ठेवा. घरी ड्रमचा फिल्टर लावलेल्या तुमच्या वाचकांपैकी कुणाला कोळसा कधी बदलला हे आठवत नसेल, तर हे पत्र वाचून झाल्यावर आजचं पाणी त्यातून न घेता आधी तो बदलावा.

आपला,
पाणी तपासणीतून निवृत्त झालेला एक वाचक